कळतं, पण वळत का नाही?

एप्रिलमध्ये नाशिकजवळच्या दिंडोरीकडे गेलात तर द्राक्षाच्या बागा बघवत नाहीत. माल निघून गेलेला असतो, खरड छाटणी झालेली असते, आणि महिन्यापूर्वी हिरवागार असलेला मांडव नुसत्या तारा आणि बोडके ओलांडे घेऊन उन्हात उभा असतो. अशाच एका दुपारी आप्पांच्या बागेत बसलो होतो. आप्पा वारकरी, मी ख्रिस्ती. ओळख तीसेक वर्षांची, त्यामुळे धर्मावर बोलताना दोघांनाही फार जपून बोलावं लागत नाही. काडीवर एकेक डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते ती गाठ, राखत कात्री चालवता चालवता त्यांनी विचारलं, "तुमचं मला एक कळत नाही. एकीकडं म्हणता, देवानं माणसाला मोकळं सोडलंय. दुसरीकडं म्हणता, माणूस पापाचा गुलाम. मग मोकळा का बांधलेला? एक काय ते सांगा ना."

मी तेव्हा जे सांगितलं ते अर्धवटच होतं. त्याच प्रश्नाला इथे जरा सावकाश भिडतो.

पहिली अडचण शब्दाची आहे. स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला सुचतं ते 'अडवणारं कोणी नाही'. दुकानात दहा प्रकार आहेत, हवा तो घ्या. हा अर्थ ख्रिस्ती परंपरेला चूक वाटत नाही, पण तोकडा वाटतो. आप्पांच्याच बागेतलं बघा. वेल मोकळी सोडली, ना तार ना कात्री, तर ती मिळेल त्या आधारावर चढते, पानंच पानं करते, सावली दाट होते आणि घड मात्र जेमतेम लागतात. ती 'मोकळी' आहे खरी, पण वेल ज्यासाठी आहे ते तिला जमत नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर नव्या काड्यांत घडाची तयारी होते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात. दोन वेळा कात्री खाल्लेली, तारेला बांधलेली वेलच द्राक्षं देते. ख्रिस्ती विचारात स्वातंत्र्याचा भरीव अर्थ हा आहे: आपण ज्यासाठी घडलो ते करता येणं. आणि माणूस कशासाठी घडला, याचं उत्तर बायबल एका वाक्यात देतं. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्यासाठी.

म्हणूनच अकराव्या-बाराव्या शतकातला अन्सेल्म हा विचारवंत वरकरणी विचित्र वाटणारी गोष्ट ठामपणे सांगू शकला: पाप करण्याची मुभा हा स्वातंत्र्याचा भागच नाही. त्याचा युक्तिवाद सरळ होता. देवाला वाईट वागता येत नाही, मग देव आपल्यापेक्षा कमी स्वतंत्र आहे का? ज्याला खोटं बोलणं जमतच नाही असा माणूस आपल्याला बांधलेला वाटत नाही. उलट आपणच त्याच्यासमोर जरा चोरट्यासारखे होतो.

एवढं मान्य केलं की पुढचा प्रश्न बदलतो. आपल्याला किती पर्याय आहेत, हे विचारण्याऐवजी चांगलं दिसत असूनही आपण ते का करत नाही, हे विचारावं लागतं. आपल्या भाषेत याला कधीपासूनच चार शब्द आहेत: कळतं पण वळत नाही. प्रेषित पौलाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हेच आहे. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि जे नको वाटतं तेच करून बसतो, अशी त्याची तक्रार. हे आप्पांना सांगितल्यावर ते हसले. "हे तर अर्जुनानंच विचारलंय." बरोबर आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसताना, जणू कोणी बळजबरीनं जुंपल्यासारखा, माणूस पाप का करतो. प्रश्न सारखाच आहे. उत्तरं मात्र वेगळ्या वाटांनी जातात. तिथे काम आणि क्रोध हे शत्रू दाखवले जातात, आणि आत्म्याच्या बळावर त्यांना जिंकायला सांगितलं जातं. पौल म्हणतो, जिंकायला निघालेला जो 'मी', तोच आतून फितूर आहे.

हा फितुरीचा मुद्दा ज्याने खणून काढला तो उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन (इ.स. ३५४ ते ४३०). सोळा वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर एका रात्री पेअरची फळं चोरली. झाड त्यांच्याच द्राक्षमळ्याशेजारी होतं. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांना टाकली. नाशिकच्या ज्या पोरांनी शेजारच्या बागेतले घड उगाचच तोडून रस्त्यावर फेकलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. पण ऑगस्टिन पुढे आयुष्यभर त्या रात्रीपाशी अडला: फळासाठी नव्हे तर केवळ 'करू नये' म्हणून केलं, ते का? त्याच्या मते ज्यावर आपण प्रेम करतो तिकडे आपण ओढले जातो, आणि आपलं प्रेमच वाकडं झालं आहे. इच्छा आहे, ती आपलीच आहे, कोणी बाहेरून दोरी ओढत नाही. पण ती स्वतःभोवती वळलेली आहे.

मग सवय त्यावर थर चढवते. वाकड्या इच्छेतून हाव, हाव पुरवत गेल्याने सवय, सवय न मोडल्याने सक्ती, अशी कडीत कडी अडकवलेली साखळी तो वर्णन करतो. तरुणपणी त्याने केलेली प्रार्थना प्रसिद्ध आहे: मला संयम दे, पण इतक्यात नको. हे वाचून हसू येतं, आणि लगेच आपलीच एखादी प्रार्थना आठवते.

त्याच काळात रोममध्ये पेलाजियस नावाचा, ब्रिटनहून आलेला कडक शिस्तीचा साधू होता. 'तू जे सांगतोस ते करण्याचं बळ तूच दे, मग हवं ते सांग,' ही ऑगस्टिनची प्रार्थना ऐकून तो चिडला. असं म्हणत बसलात तर लोक आळशी होतील, असं त्याचं म्हणणं. देवाने आज्ञा केली म्हणजे ती पाळता येतेच; न पाळणारा कामचुकार. मला पेलाजियसबद्दल थोडी सहानुभूती आहे. शाळेतल्या बहुतेक शिक्षकांचं आणि सगळ्या आईबापांचं तत्त्वज्ञान तेच असतं. पण ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली, आणि मला वाटतं, दुबळ्यांच्या बाजूने विचार करता ते बरंच झालं. पेलाजियसच्या जगात जो हरतो त्याला एकच गोष्ट ऐकवता येते: मनावर घेतलं नाहीस.

इथे एक माणूस डोळ्यांसमोर येतो. आमच्या ओळखीतले गृहस्थ, हाताला चांगली कला, पगार ठीक. दर सोमवारी दारू सोडायचे. सोमवारचा त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे. त्यात ढोंग नसायचं. शनिवारी खिशातल्या किल्ल्या बायकोकडे देऊन ठेवायचे, म्हणजे गाडी काढता येणार नाही. मग पायी जायचे. शेवटी ज्या गटात ते टिकले, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरीच अशी आहे की दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. पेलाजियसला हे ऐकून घाम फुटला असता. ऑगस्टिनने मान डोलावली असती. स्वातंत्र्याकडे जाणारी वाट 'माझ्या हातात नाही' या कबुलीपासून सुरू होते, हे कागदावर विसंगत दिसतं. त्या गृहस्थांच्या घरी ते दिसत नाही.

पण जर माणूस स्वतःहून सुटू शकत नसेल आणि देवाची कृपाच त्याला सोडवत असेल, तर पुन्हा माणूस बाहुलं झाला की! आप्पांनीही नेमकं इथेच बोट ठेवलं. ऑगस्टिनचं उत्तर मला शेतकऱ्याला पटेल असं वाटतं. मेंढीसमोर हिरवी फांदी धरा, ती येते. पोराला सुकामेवा दाखवा, ते धावत येतं. ओढलं गेलं खरं, पण दोरीने नाही. आवडीने. कृपा ढकलत नाही, आवड बदलते. उद्या तुम्हाला मनापासून चांगलंच आवडायला लागलं, तर तुमच्यावर बळजबरी झाली असं कोण म्हणेल?

याच्या पुढे मात्र चर्चमध्ये शतकानुशतकं कुरबुर चालली आहे. १५२४ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने लिहिलं की माणसाच्या इच्छेत देवाला प्रतिसाद देण्याइतकं बळ उरलेलं आहे. १५२५ मध्ये प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने त्याला झोडपून काढलं: माणसाची इच्छा ही ओझ्याच्या जनावरासारखी, वर देव बसला तर देव नेईल तिकडे, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे. कॅथलिकांनी १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत मधली भूमिका घेतली की पापाने इच्छा दुबळी झाली, वाकली, पण विझली नाही. नंतर खुद्द कॅथलिकांतच डॉमिनिकन आणि जेझुइट हे दोन साधुसंघ याच विषयावरून असे भांडले की १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच वाद थांबवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी तंबी दिली. तो निकाल आजतागायत लागलेला नाही. मला हा त्या वादातला सगळ्यात शहाणा क्षण वाटतो.

देवाला उद्याचं ठाऊक आहे, मग उद्या मी मोकळा कसा, हा प्रश्न त्या मानाने सोपा. सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने तो तुरुंगात, मृत्युदंडाची वाट बघताना सोडवला. नाशिकच्या पांडवलेण्यावर चढून खाली मुंबई-आग्रा महामार्ग बघा. एकाच नजरेत पुढची गाडी, मागची गाडी, वळणापलीकडची गाडी दिसते. खालच्या ड्रायव्हरला वळणापलीकडचं 'नंतर' आहे, तुम्हाला ते 'आत्ता'च दिसतंय. तुम्ही बघताय म्हणून ड्रायव्हरने ब्रेक दाबला असं होत नाही. उदाहरण माझं आहे, पण बोएथियसचा मुद्दा हाच: देवाला सगळा काळ एकदम समोर असतो, आणि बघणं म्हणजे घडवणं नव्हे.

बंधनं अजून आहेत. कॅथलिक चर्चच्या शिकवणीचा ग्रंथ (कॅटेकिझम) १९९२ मध्ये नव्याने तयार झाला. माणसाच्या कृतीची जबाबदारी कशाने कमी होते किंवा पुसलीही जाते, याची त्यात मोठी व्यावहारिक यादी आहे: अज्ञान, बेसावधपणा, दडपण, भीती, सवय, अवाजवी ओढ, आणि इतर मानसिक व सामाजिक कारणं. पापकबुली ऐकणाऱ्या फादरला याचा रोज उपयोग होतो. कर्जाच्या धाकाने खोट्या कागदावर सही करणारा शेतमजूर आणि तोच कागद करून घेणारा सावकार यांचं पाप एका मापाने मोजलं जात नाही. जेवढं स्वातंत्र्य, तेवढा दोष. आपल्याकडे धर्माच्या नावाने बोलणारे लोक दोष वाटताना हा हिशेब पार विसरतात, त्यात आमचेही आले.

आता असं एक बंधन सांगतो जे कोणी घालत नाही, आपणच घालून घ्यायचं असतं. मराठी ख्रिस्ती घरात हे वर्षातून एकदा तरी समोर येतं. गणपतीत शेजारच्या काकू ताट घेऊन दारात उभ्या राहतात: मोदक, पंचखाद्य, वर एक दुर्वा चुकून आलेली. घ्यायचं की नाही? पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांपुढे हाच पेच होता. बाजारातलं मांस बऱ्याचदा मूर्तीला वाहिलेलं असे. पौलाचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिली: मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा खायला तू मोकळा आहेस. दुसरी: पण तुझं खाणं बघून श्रद्धेने कच्च्या असलेल्या भावाचं मन मोडत असेल, तर मी जन्मभर मांस खाणार नाही. म्हणजे हक्क आहेच, पण समोरच्या माणसाकडे बघून तो वापरायचा की नाही ते ठरतं.

आमच्या आईने यावर तिची तोड काढली होती. ती ताट दोन्ही हातांनी घ्यायची, काकूंना आत बसवून चहा द्यायची, आणि रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून त्यात साखर घालायची. मोदक आम्ही खायचो. पण गावाकडची नवी बाप्तिस्मा घेतलेली आत्या घरी असली की त्या दिवशी मोदक मुकाट्याने शेजारच्या पोरांकडे जायचे. आईने पौल किती वाचला होता कोण जाणे. मी लहान असताना मला हा ढोंगीपणा वाटायचा. आता वाटतं, आमच्या घरात सगळ्यात मोकळी तीच होती. ल्यूथरने १५२० मध्ये लिहिलेली दोन वाक्यं तिला लागू पडतात: ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वामी, कोणाच्या ताब्यात नाही, आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक, प्रत्येकाच्या ताब्यात.

इथवर सगळं आतल्या स्वातंत्र्याबद्दल झालं, आणि याच जागी ख्रिस्ती इतिहासाने मोठी लबाडी केली आहे, तीही सांगायला हवी. 'खरी गुलामी पापाची' असं म्हणत शतकानुशतकं ख्रिस्ती मालकांनी माणसं साखळदंडात ठेवली. आत मोकळे आहात ना, मग बाहेरचं काय एवढं! इच्छेचा एवढा बारीक अभ्यास करणाऱ्या ऑगस्टिननेच विरोधी पंथातल्या लोकांना सरकारी बळाने चर्चमध्ये आणण्याचं समर्थन केलं. इकडे गोव्यात १५६० पासून पाखंडाबद्दल शिक्षा देणारं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसलं, ते १८१२ मध्ये कायमचं उठलं. जबरदस्तीने आणलेली श्रद्धा ही श्रद्धाच नाही, हे आधीपासून ठाऊक असलेलं तत्त्व कॅथलिक चर्चने कागदोपत्री धर्मस्वातंत्र्याच्या हक्कापर्यंत नेलं ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत. उशीर झाला याबद्दल दुमत नसावं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांच्या घरी मात्र हे आधीच घडलं होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी घेतला, स्वतःच्या मनाशी भांडून, स्वतःच्या पायांनी.

बाहेरच्या आणि आतल्या स्वातंत्र्याची गाठ कुठे पडते ते बघायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. रोज शरणपूर रोडने जाताना त्या नावाकडे आपलं लक्ष नसतं. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश मिशनच्या विल्यम प्राइस यांनी वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. शरण आलेल्यांचं पूर. अरबी समुद्रात इंग्रजी नौदल गुलामांची गलबतं पकडायचं, आणि त्यांतून सोडवलेली पूर्व आफ्रिकेतली मुलंमुली मुंबईमार्गे इथे आणली जायची. इथे ती शिकली. मुलांनी सुतारकाम, लोहारकाम अशी कामं हातात घेतली. साखळी तुटली होती. पण पुढे काय शिकायचं, कोणता देव मानायचा, आणि नाव काय लावायचं, हे त्या मुलांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना इंग्रजी नावं मिळाली. मिशनच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. तरी पोराला त्याचं नाव न विचारता मोकळं करणं म्हणजे छाटणीच्या नावाखाली डोळाही कापून टाकणं, असं आप्पा म्हणाले असते.

आणि तरीही त्या वस्तीतून जे उगवलं ते पाहण्यासारखं आहे. १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची नऊ मुलं होती. नंतर मागाहून आलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, गुलामांच्या गलबतावरून सुटलेला, नाशिकला शिकलेला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन मेला. पगार देणारा गेला होता, हुकूम सोडणारा कोणी नव्हता, आणि किनारा हजार मैलांहून लांब. तिथून जो तो आपापल्या वाटेने गेला असता तर कोणी बोल लावला नसता. चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या आफ्रिकी सोबत्यांच्या पुढाकाराने सगळ्यांनी ठरवलं की मृतदेह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि मग महिनोन् महिने, रोगराईतून आणि वैर धरणाऱ्या गावांतून, त्यांनी ते ओझं वाहिलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. पुढच्या वर्षी प्राइस आणि नाशिकचे बरेच आफ्रिकी मोंबासाजवळ गेले आणि सुटलेल्या गुलामांसाठी त्यांनी फ्रियरटाउन वसवलं.

हे आप्पांना सांगत होतो तेव्हा त्यांची एक ओळ छाटून झाली होती. "कोणी सांगितलं नसताना नेलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्या खेड्यातल्या झाडावर जेकबने अक्षरं कोरली. लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख, आणि खाली सोबतच्या माणसांची नावं, त्यांची स्वतःची, आफ्रिकी.